इंजिन नंतर, आधी मागचा ॲक्सल

गॅरेजमध्ये नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, कुठलं इंजिन बसवू?" आणि मी उलटा विचारतो की मागं ॲक्सल, म्हणजे मागची चाकं फिरवणारा आस, कुठला आहे, टायर कुठले आहेत. माणूस जरा हिरमुसतो, कारण तो मोबाईलवर अमेरिकेतले हॉट रॉड, म्हणजे भारी इंजिन घातलेल्या जुन्या गाड्या, बघून आलेला असतो, 1932 ची फोर्ड, आत शेव्रोलेचं 350 व्ही-एट, मागं फोर्डचा 9 इंची ॲक्सल. तिकडं ते बरोबर आहे. त्या ॲक्सलचे रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मागं येणारा दांडा किती फेरे घेतो ते, कॅटलॉगमधून निवडून मागवता येतात, दहा कंपन्या बनवतात. आपल्याकडं आधी काय मिळतंय ते बघायचं, मग स्वप्न बघायचं. हे मला कळायला एक पद्मिनी आणि दोन वर्षं खर्ची पडली, ती गोष्ट सांगतो.

आमचे वडील नाना पेठेत एका गॅरेजला मिस्त्री होते. तेव्हा पुणे स्टेशनवरनं दादरला टॅक्सी जायच्या, अँबॅसेडर आणि पद्मिनी, रोज बोर घाट चढून उतरून त्यांचे क्लच आणि क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली मोठी आणि छोटी दातेरी चाकं) बसायचे आणि त्यावर आमचं घर चालायचं. मी दहावीनंतर तिथंच हाताखाली. नंतर एक्स्प्रेस-वे झाला, बसगाड्या वाढल्या, टॅक्सी कमी झाल्या, वडील थकले, आणि मी पतपेढीचं कर्ज काढून नऱ्ह्याला पत्र्याची शेड घेतली. पहिली काही वर्षं इंडिका आणि टेम्पो. त्यात सांगण्यासारखं काही नाही, पोट भरत होतं एवढंच.

मग एक आयटीतला पोरगा आजोबांची पद्मिनी घेऊन आला. म्हणाला हिला पळवायचीय. आता पद्मिनीचं इंजिन 1089 सीसी, ताकद 40 घोड्यांच्या आसपास. मी छाती काढून सांगितलं जिप्सीचं 1.3 बसवतो, एमपीएफआय म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवालं, साधारण 80 घोडे. जिप्सीचा एक फायदा असतो, तिचा गिअरबॉक्स वेगळा आणि ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा, वेगळी, मधे छोटा शाफ्ट. म्हणजे ट्रान्सफर केस काढून टाकली की गिअरबॉक्समधनं सरळ प्रॉपेलर, म्हणजे ॲक्सलला फिरवणारा लांब दांडा, मागं नेता येतो, पाच गिअरची मागच्या चाकाची गाडी तयार. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फेऱ्या मारून आणि एका भंगारवाल्याला गाठून इंजिन-गिअरबॉक्सचा सेट जमवला, संप, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, गाडीच्या आडव्या क्रॉस मेंबरला टेकत होता तो कापून वेल्ड केला, इंजिन बसवायचे फाउंडेशन बनवले, गिअरचा दांडा स्टिअरिंगवरनं खाली आणायला फ्लोअर कापला. इंजिन चालू झालं तेव्हा आम्ही शेडमध्ये पेढे वाटले राव.

गाडी बाहेर काढली तर स्पीडोमीटरचा काटा शून्यावर. का, तर जिप्सीत मीटरची केबल ट्रान्सफर केसमधनं निघते आणि ती आम्ही कोपऱ्यात फेकून दिली होती! तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं की त्या डब्यात अजून काय काय होतं. ट्रान्सफर केस हाय मध्ये असली तरी साधारण 1.4 पट रिडक्शन देते, फेरे तेवढे कमी करते, म्हणजे ती काढली की सगळेच गिअर लांब होतात, वेग जास्त पण ओढ कमी. आमचं नशीब एवढंच की पद्मिनीचे टायर जिप्सीपेक्षा लहान, त्यामुळं गणित निम्मं-अर्धं आपोआप जुळलं. गणित मी केलंच नव्हतं.

पण खरा मार मागं बसला. जुना प्रॉपेलर कापून, लांबी जुळवून, लेथवर वेल्ड करून घेतला होता, बॅलन्सिंग वगैरे काही नाही. 60 च्या वर गेलं की अख्खी गाडी थरथरायची. मी प्रॉपेलरच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, बदलले, एकदा तर डुप्लिकेट निघाले ते परत बदलले, थरथर तशीच. मागचा ॲक्सल 40 घोड्यांसाठी बनलेला, तोही पन्नास वर्षं जुना, त्याला हातच लावला नव्हता कारण बजेट सगळं इंजिनावर गेलेलं. आणि एका शनिवारी तो पोरगा बायकोला घेऊन साताऱ्याला निघाला तर कात्रजच्या चढाला कडाककन आवाज झाला आणि गाडी जागेवर. इंजिन फिरतंय, गिअर पडतोय, चाक हलत नाही. हाफ शाफ्ट, म्हणजे ॲक्सलमधनं एका चाकाला जाणारा दांडा, त्याच्या खाचांपाशी, म्हणजे स्प्लाइनपाशी, तुटला होता. मी आणि माझा धाकटा भाऊ टोचन करून गाडी आणायला गेलो, पोरगा काही बोलला नाही पण त्याची बायको जे बोलली ते अजून कानात आहे. पैसे परत केले, हप्त्याहप्त्यानं.

त्या गाडीनं आम्हाला भोसरीच्या एका काकांपर्यंत नेलं. पिंपरीच्या कंपनीतनं टर्नर म्हणून रिटायर झालेले, घराखाली लेथ. त्यांनी गाडीखाली जाऊन साधा कोनमापक आधी गिअरबॉक्सच्या टोकाला लावला, मग पिनियनच्या फ्लँजला, आणि म्हणाले, "अरे तुझी दोन्ही टोकं एकमेकांशी भांडतायत." क्रॉस जॉइंट वाकड्यात फिरला की पलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो आणि दोनदा मागं रेंगाळतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले आणि दोन्ही यॉक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत असले तर एका जॉइंटची चूक दुसरा खाऊन टाकतो. आमचं इंजिन मागं कललेलं, पिनियन भलतीकडंच बघत होता, वर वेल्ड करताना यॉक फिरलेले. क्रॉस बदलून काय घंटा होणार होतं. आता आम्ही गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि पिनियन समांतर ठेवतो, जॉइंटवर एक ते तीन डिग्री कोन राहील असं बघतो, अगदी शून्यही ठेवत नाही कारण मग क्रॉसच्या बेअरिंगच्या सुया एकाच जागी बसून घर करतात. आणि हे सगळं गाडी चाकांवर, माणसं बसल्यासारखं वजन टाकून मोजायचं, जॅकवर टांगून मोजलं तर सगळं खोटं येतं.

तेव्हापासून आमच्याकडं काम मागनं पुढं सुरू होतं. आधी टायर. मग क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, कव्हर उघडून खडूनं खूण करून हातानं मोजायचे, प्लेटवर काय लिहिलंय त्यावर जायचं नाही कारण जुन्या गाड्यांत कुणी कधी काय बदललंय देव जाणे. समजा 41 आणि 10 निघाले, म्हणजे 4.1. चाकाचा एक फेरा 1.8 मीटरचा धरा. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर, टॉप गिअर सरळ 1:1, तर गाडी 79 च्या आसपास धावणार. पाचवा 0.8 चा असला तर तेवढ्याच आवाजात जवळजवळ 99. आणि ॲक्सल 5 चा निघाला तर सरळ गिअरला 65 सुद्धा होत नाही, मग तुम्ही आत कितीही भारी इंजिन घाला, हायवेला ते ओरडतच राहणार. हा हिशोब मी गिऱ्हाइकासमोर कागदावर करतो. निम्म्या लोकांना कळतं की त्यांना इंजिन नाही, पाचवा गिअर पाहिजे होता.

त्यानंतर मग हाफ शाफ्ट, ॲक्सलची रुंदी ड्रमच्या तोंडापासून तोंडापर्यंत, चाकाचे नट जुळतात का, ब्रेक. त्यानंतर प्रॉपेलर, आणि स्लाइडिंग यॉकला आतबाहेर व्हायला दोनेक सेंटीमीटर जागा. मग गिअरबॉक्स. इंजिन सगळ्यात शेवटी. भाऊ म्हणतो असं गॅरेज चालवलं तर गिऱ्हाईक पळेल, आणि काही पळालेही.

एक काम आम्हीच सोडलं. बारामतीकडचे एक बागायतदार, त्यांच्या आजोबांची 1948 ची शेव्रोले फ्लीटमास्टर, वाड्यात ताडपत्रीखाली. सहा सिलिंडर, 216 क्युबिक इंचाचं, 6 व्होल्टचं वायरिंग. त्यांना त्यात डिझेल आणि पाच गिअर पाहिजे होते, बोलणी चांगल्या रकमेवर झालेली. खाली गेलो तर प्रॉपेलर दिसेना. त्या काळच्या शेव्रोलेत शाफ्ट एका जाड नळीत बंद असतो, टॉर्क ट्यूब, आणि मागचं चाक गाडीला जो धक्का देतं तो त्या नळीतनंच गिअरबॉक्सच्या मागं येतो. म्हणजे गिअरबॉक्स बदलला की नळी गेली, नळी गेली की ॲक्सल बदला, मग तो धक्का आता स्प्रिंगच्या पाट्यांनी सोसायचा म्हणजे स्प्रिंगच्या बैठका नव्यानं बनवा. एक नट फिरवायला गेलो तर अर्धी गाडी बदलायला निघते. आणि वर कागद. 2021 च्या नियमाप्रमाणं 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए येतं, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत, आणि रोज ऑफिसला न्यायची नाही. मी साहेबांना म्हणालो, ही गाडी कापली तर परत जोडता येणार नाही, शिवाय कलम 52 आहेच, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते, ती आधी, काम नंतर. ते दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले जशी आहे तशी चालू करून द्या. चौदा महिने लागले. पैसे कमी मिळाले पण सध्या जे काम आहे ते त्यांच्याच मेव्हण्याचं आलंय.

ती कॉन्टेसा आहे, सुरुवातीची, 1489 सीसी आणि चार गिअरवाली. एवढी मोठी गाडी आणि इंजिन अँबॅसेडरचं, बैलगाडीला शेळी जुंपल्यासारखं. पुढं कंपनीनंच तिला 1.8 चं इसुझू आणि पाच गिअर दिले, म्हणून आपणही तेच घ्यायचं ठरलं, म्हणजे त्याच गाडीच्या घरातलं सामान, फाउंडेशनला जास्त जुगाड नाही. परवानगीचा अर्ज टाकलाय. इंजिन-गिअरबॉक्सचा सेट एकाकडं बोलून ठेवलाय पण टोकनही दिलेलं नाही. मेव्हणे दर रविवारी फोन करून विचारतात इंजिन आलं का, आणि मी सांगतो, साहेब अजून ॲक्सल उघडलाय, पिनियनचं बेअरिंग गेलंय, परवा बॅकलॅश (दातांमधली फट) बघू, मग बोलू.