'कोणाला' म्हणजे 'हूम' नव्हे : सर्वनामांच्या विभागात दोनदा अडकले त्याची गोष्ट

इंग्रजी मुद्रितशोधनाची परीक्षा गेल्या महिन्यात तिसऱ्या प्रयत्नात पास झाले. परीक्षा ऑनलाइन, घरून द्यायची, विभाग चार. शब्दलेखन, विरामचिन्हं आणि उताऱ्याचं संपादन हे तीन विभाग पहिल्याच खेपेला निघाले. चौथा विभाग सर्वनामांचा, आणि त्याने माझे आठ महिने खाल्ले. म्हणून हे सगळं लिहिणं त्याच विभागाबद्दल आहे.

आधी एक खुलासा करते, नाहीतर पुढे गोंधळ होईल. अवतरणचिन्हांत एकटा आलेला 'मी' हा इंग्रजीतला, म्हणजे अर्थाने आपला 'मला'. आपल्या 'मी'ला इंग्रजीत 'आय'.

पहिला निकाल सहा आठवड्यांनी आला. त्यात एवढंच होतं : विभाग चार, निकष अपूर्ण. कुठे चुकलं, किती चुकलं, कोणत्या प्रकारचं चुकलं, काही नाही. मी विचारलं. उत्तर आलं की प्रश्नवार तपशील देण्याची पद्धत नाही. निदान चुकांचा प्रकार सांगा म्हणून पुन्हा लिहिलं, तर तेच उत्तर अक्षरशः तसंच परत आलं. मला याचा अजूनही राग आहे. मुद्रितशोधन म्हणजे चूक कुठे आहे ते बोट ठेवून दाखवणं. ज्या संस्थेला हेच काम शिकलेली माणसं हवीत, तिने उमेदवाराच्या चुकीवर बोट ठेवायला नकार द्यावा हे मला पटत नाही. पुन्हा बसायचं तर तीन महिने थांबावं लागतं, आणि ते तीन महिने नेमका कशाचा अभ्यास करायचा हे कळायला मार्ग नाही.

मी धरून चालले की चूक 'आय' आणि 'मी' यांत असणार, कारण सगळे त्यातच चुकतात. तो भाग खरं तर सोपा आहे. जोडीतलं दुसरं माणूस काढून टाकायचं आणि वाक्य पुन्हा वाचायचं. 'ही इन्व्हायटेड माय सिस्टर अँड आय' यातून बहीण काढली की 'ही इन्व्हायटेड आय' उरतं, आणि चूक उघडी पडते. 'बिट्वीन यू अँड आय' हेही औपचारिक लेखनात चूकच, कारण 'बिट्वीन' हे शब्दयोगी आहे आणि त्यापुढे 'मी'च येतो. शेक्सपिअरच्या एका पात्राच्या पत्रात 'बिट्वीन यू अँड आय' असंच आहे, पण परीक्षेत शेक्सपिअर मदतीला येत नाही. ही चूक बहुतेकदा अडाणीपणातून होत नाही, जास्त शुद्ध लिहायच्या धडपडीतून होते. लहानपणी 'मी अँड माय फ्रेंड' म्हटल्यावर कोणीतरी टोकलेलं असतं, तेव्हापासून 'मी' हाच शब्द अशुद्ध वाटायला लागतो. मग त्याच्यापासून पळ काढायला लोक 'मायसेल्फ' वापरतात : 'प्लीज काँटॅक्ट मायसेल्फ'. 'मायसेल्फ'ला त्याच वाक्यात आधी 'आय' लागतो. ओळख करून देताना 'मायसेल्फ' आणि पुढे नाव, हेही त्यामुळेच चालत नाही. तिथे 'आय ॲम' म्हणायचं.

हे सगळं घोटून दुसऱ्यांदा बसले. पुन्हा तेच : विभाग चार, निकष अपूर्ण.

त्या दिवशी मी अभ्यासाची पद्धत बदलली, आणि कोणी विचारलं तर पहिला सल्ला हाच देईन. एक वही केली. सरावाचं वाक्य, त्याखाली माझं उत्तर आणि शेजारच्या रकान्यात ते उत्तर का निवडलं याचं कारण, मराठीत. बरोबर की चूक एवढंच पाहून काही हाती लागत नाही, कारण चुकीच्या कारणानेही उत्तर बरोबर येतं. दहा-बारा दिवसांनी नुसता कारणांचा रकाना वरून खाली वाचला. 'हू' आणि 'हूम' यांच्या प्रत्येक वाक्यासमोर मी एकच कारण लिहिलं होतं : कोण असेल तर 'हू', कोणाला असेल तर 'हूम'.

ही युक्ती मला शाळेपासून माहीत होती आणि मी ती कधीच तपासली नव्हती. बऱ्याचदा चालतेही. 'तू कोणाला भेटलीस?' इथे 'हूम', बरोबर. 'कोण आलं?' इथे 'हू', बरोबर. पण वहीत एका ठिकाणी उत्तर होतं 'हूम नोज द आन्सर', आणि कारण होतं : कोणाला उत्तर माहीत आहे. ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि आठ महिन्यांचा उलगडा झाला.

मराठीत ज्याला काही वाटतं, आवडतं, कळतं, आठवतं, दिसतं, जमतं, हवं असतं, भूक लागते किंवा ताप येतो, तो माणूस वाक्यात 'ला' लावून येतो. मला वाटतं, मला आठवतं, मला कळलं. इंग्रजीत यातला प्रत्येक 'मला' हा 'आय' होतो : 'आय थिंक', 'आय रिमेंबर', 'आय अंडरस्टूड'. म्हणजे मनात किंवा शरीरात काही घडतं तेव्हा मराठी त्या माणसाला अनुभव घेणारा मानून 'ला'च्या जागी बसवते, आणि इंग्रजी त्यालाच कर्त्याच्या जागी बसवते. त्यामुळे 'कोणाला आवडतं' म्हणजे 'हू लाइक्स', 'कोणाला भूक लागली आहे' म्हणजे 'हू इज हंग्री'. माझी युक्ती नेमकी या क्रियापदांपाशी उलटी पडत होती, आणि ही क्रियापदं रोजच्या वापरातली आहेत.

ती दुसऱ्या बाजूनेही फसवते. 'तू कोणाची वाट पाहतेस?' यात 'कोणाला' नाही, 'कोणाची' आहे, म्हणून मी 'हूज' लिहून मोकळी झाले होते. इंग्रजीतलं 'अवेट' सरळ कर्म घेतं, म्हणून तिथे 'हूम'. 'कोणाशी बोललीस', 'कोणाकडून घेतलंस', 'कोणाबद्दल लिहिलंस', या सगळ्यांतही औपचारिक इंग्रजीत 'हूम'च येतो.

मग तपासायचं कशाने? उत्तरात 'ही' बसतो की 'हिम', हे इंग्रजीत पाहायचं. 'ही' बसला तर 'हू', 'हिम' बसला तर 'हूम'. दोघांच्या शेवटी 'म' आहे, त्यामुळे लक्षात ठेवायला त्रास नाही. 'ही नोज द आन्सर', म्हणून 'हू'. 'यू मेट हिम', म्हणून 'हूम'. मराठी रूप पाहून निर्णय करायचाच नाही.

इतकं कळल्यावर मला वाटलं सुटले. पण सरावातली आणखी एक जात शिल्लक होती : 'गिव्ह इट टू हूएव्हर कम्स फर्स्ट'. 'टू'पुढे कर्मरूप येणार हे डोक्यात इतकं पक्कं की हात आपोआप 'हूमेव्हर' लिहितो. या ठिकाणी मला मराठीनेच हात दिला, आणि ते सांगताना मला अजूनही आनंद होतो. हे वाक्य मराठीत म्हणा : जो आधी येईल त्याला दे. पाहा, दोन सर्वनामं आहेत. 'जो' हा येण्याचा कर्ता, 'त्याला' हे देण्याशी जोडलेलं. मराठी दोघांना वेगवेगळी जागा आणि वेगवेगळं रूप देते. इंग्रजी या दोघांना एकाच शब्दात कोंबते, आणि त्या शब्दाचं रूप 'जो'वरून ठरतं, 'त्याला'वरून नाही. 'टू'चा संबंध अख्ख्या उपवाक्याशी आहे. म्हणून 'हूएव्हर'. उलट 'तू ज्याला निवडशील त्याला दे' यात 'ज्याला' निवडण्याचं कर्म आहे, म्हणून 'हूमेव्हर'.

अर्थात 'ज्याला भूक लागेल त्याला दे' इथे आधीचा सापळा पुन्हा उभा राहतो. म्हणून मी दोन पायऱ्या ठरवल्या : वाक्य फोडायचं मराठीत, जो–तो करून, आणि 'जो'चा तुकडा तपासायचा इंग्रजीत, 'ही'–'हिम' लावून. 'ही इज हंग्री', म्हणून 'हूएव्हर'.

तिसरी जात मधे घुसलेल्या 'म्हणाला'ची. 'द रायटर हू द एडिटर सेड वॉज लेट'. मधलं 'द एडिटर सेड' दिसलं की 'हूम' लिहावंसं वाटतं, कारण संपादक कर्ता झालाच आहे. तो तुकडा बोटाने झाका. 'शी वॉज लेट' उरतं, म्हणून 'हू'. 'द रायटर हूम द एडिटर इन्व्हायटेड' यात मात्र झाकायला काही नाही, संपादकाने तिलाच बोलावलं आहे. अनुभवी संपादकांच्या छापील मजकुरातही मला ही चूक दिसली आहे, तेव्हा इथे अडकलात तर वाईट वाटून घेऊ नका.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती. परीक्षेच्या सूचनापत्रात कोणती शैलीपुस्तिका, म्हणजे लेखनाचे नियम ठरवून देणारं पुस्तक, प्रमाण धरली आहे ते शोधून वाचा. पहिल्या खेपेला मी वाचलं नाही. लिंग माहीत नसलेल्या एका माणसासाठी कोणतं सर्वनाम, याचं उत्तर त्यावर ठरतं. 'एव्हरीवन मस्ट ब्रिंग देअर बुक' याला शाळेत लाल रेघ बसायची, 'हिज' लिहा म्हणून. ब्रिटिश संसदेने १८५० साली कायदाच केला होता की कायद्यांतल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरल्या जातील. पुढे 'ही ऑर शी' आलं, जे एकदा ठीक, पण परिच्छेदात चार वेळा आलं की वाचवत नाही. एकोणिसाव्या शतकात कोणी 'थॉन' असं नवं सर्वनामही घडवलं, ते रुजलं नाही. आणि एकवचनी 'दे', म्हणजे एकाच माणसासाठी वापरलेला इंग्रजीतला 'ते', तर चौदाव्या शतकापासून सापडतो. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१७ मध्ये त्याला मर्यादित मोकळीक दिली, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीपुस्तिकेच्या सातव्या आवृत्तीने २०१९ मध्ये त्याची शिफारसच केली, आणि त्याच वर्षी मेरियम-वेबस्टर या शब्दकोशाने 'दे' हा वर्षाचा शब्द निवडला. एखादी व्यक्ती स्वतःसाठी 'दे' वापरते म्हणाली, तर तोच वापरायचा.

आपल्याला हा वापर परका वाटायचं कारण नाही. 'सर आले, ते बसले' म्हणताना आपण एकाच माणसाला अनेकवचन लावतो आणि क्रियापदही अनेकवचनी ठेवतो. एकवचनी 'दे'ला 'इज' न लागता 'आर' लागतो, तो असाच. इंग्रजीतला 'यू'सुद्धा मुळात अनेकवचनी. त्याने 'दाऊ'ला हटवलं, म्हणजे तिथे 'तू' गेला आणि सगळ्यांना 'तुम्ही' उरलं.

अपॉस्ट्रॉफीबद्दल एकच गोष्ट पाठ करा : मालकी दाखवणाऱ्या 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यांत अपॉस्ट्रॉफी नसते, तशी मालकीच्या 'इट्स'मध्येही नसते. ती असेल तर शब्द फोडून 'इट इज' किंवा 'इट हॅज' वाचून पाहा. कानाने हे कळणार नाही, दोन्ही उच्चार सारखेच.

'दॅन आय' की 'दॅन मी' यावर लोक भांडतात. मी पुढचं क्रियापद पुरं लिहून टाकते. 'शी नोज हिम बेटर दॅन आय डू' म्हटलं की वाद मिटतो, आणि 'ती माझ्यापेक्षा त्याला जास्त ओळखते' या मराठी वाक्यातला संदिग्धपणाही त्यात उरत नाही.

आपली भाषा ज्या गोष्टी स्पष्ट सांगते त्या इंग्रजीत हरवतात, तिकडे खास लक्ष द्या. 'त्याने आपली वही घेतली' आणि 'त्याने त्याची वही घेतली' यांत आपल्याला फरक कळतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'हिज'. तिथे सर्वनाम सोडून नाव पुन्हा लिहिणं हाच उपाय, आणि तसं लिहिण्यात कमीपणा नाही. तसंच 'आपण' आणि 'आम्ही' दोघांना 'वी'. वाचक त्यात धरला आहे की नाही हे मजकुरातून कळत नसेल तर लेखकाला विचारावं.

सर्वनामांबाहेरच्या ज्या चुका माझ्या वहीत वारंवार आल्या त्या बहुतेक मराठीतून सरळ उचललेल्या. विषयी चर्चा करणं म्हणून 'डिस्कस अबाउट', पण 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही. परत येणं म्हणून 'रिटर्न बॅक'. आपल्या 'कालच'मधल्या 'च'साठी 'यस्टरडे ओन्ली'. आणि 'वन ऑफ माय फ्रेंड', जिथे 'फ्रेंड्स' हवं, कारण अनेकांतला एक आहे.

तिसऱ्या खेपेला सर्वनामांचा विभाग मी सगळ्यात शेवटी सोडवला आणि प्रत्येक 'हू'खाली कच्च्या कागदावर 'ही' किंवा 'हिम' लिहिलं. वेळ जातो, पण पुरतो. निकालात या वेळी होतं : विभाग चार, निकष पूर्ण. तपशील याही वेळी नाही. निदान चुकांचा प्रकार तरी उमेदवाराला कळवा, असं मी संस्थेला पास झाल्यावरही लिहिलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.