तुम्ही विचारलंत म्हणून: जीपला पट्टे कशाला?

“बोल्टच्या डोक्यावर ‘एफ’ आहे की नाही हे वाकून वाकून बघणारे तुम्ही, आणि सीटमागे हा एवढा उभा लोखंडी पाइप? वर सीटबेल्ट?” विंटेज गाड्यांच्या रॅलीत जीप लावली की हा प्रश्न येतोच. विचारणारा बहुधा माझ्यासारखाच जुन्या गाड्यांचा नादिष्ट असतो, त्यामुळे सूर जरा दुखावल्याचाच असतो.

माझी जीप 1943 सालची, फोर्ड जीपीडब्ल्यू. आराखडा विलिस या अमेरिकी कंपनीचा, पण दुसऱ्या महायुद्धाची मागणी एकट्या विलिसला झेपेना म्हणून फोर्डनेही तीच जीप बनवली आणि आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा, ‘एफ’ ठोकला. दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप काढल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या काही आपल्याकडेच राहिल्या, डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराच्या जुन्या मालाच्या विक्रीत, गेल्या आणि पुढे शेतावर, खाणीवर राबल्या. अशी गाडी मूळ रूपात आणताना खिसा आणि संसार दोन्हीची परीक्षा होते. एवढं करून वर सीटबेल्टचे काळे पट्टे लावले की बघणाऱ्याच्या डोळ्यांत खुपणारच. माझा नियम साधा आहे: पान्याने लागतं आणि पान्याने निघतं ते चालेल, वेल्डिंग आणि गॅस कटर चालणार नाही.

आता ‘मूळ रूप’ म्हणाल, तर ही गाडी कारखान्यातून निघाली तशीच लढली असं मुळीच नाही. इटली आणि फ्रान्समध्ये जर्मन सैनिक रस्त्यावर आडवी तार ताणून ठेवत. काच पुढे पाडून चाललेल्या जीपमध्ये ती बरोबर गळ्याशी यायची. त्यावर दोस्त सैन्याच्या वर्कशॉपांनी पुढच्या बंपरवर लोखंडी अँगल उभा केला, वरच्या टोकाला पुढे झुकलेली खाच ठेवून. त्या खाचेत अडकून तार तुटायची. आज हाच अँगल असलेली जीप बघून लोक ‘काय अस्सल आहे!’ म्हणतात. ती तर मैदानावर बसवलेली सुरक्षा! (संक्रांतीच्या दिवसांत नायलॉनचा मांजा आठवला की तो अँगल मला फक्त शोभेचा वाटत नाही.) दाराच्या जागी जो कॅनव्हासचा पट्टा असतो, तोही माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणूनच. पुढे अमेरिकेच्याच लष्कराने एम-151 ही नवी जीप घेतली, ती वळणावर उलटते म्हणून बदनाम झाली, आणि अखेर 1980 च्या दशकात तिच्यावर लष्करानेच, गाडी उलटली तर माणसांना वाचवणारा लोखंडी सांगाडा चढवला.

पण पट्ट्यांच्या आधी ज्याकडे कुणाचं लक्षच जात नाही ते सांगतो: मागचे दिवे. या जीपला मागे दोन दिवे दिसतात, पण नेहमीचा ब्रेकलाइट फक्त डाव्या बाजूला. उजवीकडच्या दिव्यात ब्लॅकआउटच्या बारीक फटी, शत्रूच्या विमानाला दिसू नये एवढाच उजेड. शत्रूच्या विमानाला न दिसणारा दिवा मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला कसा दिसेल? इंडिकेटर तर नाहीच. त्यात गाडी डाव्या स्टिअरिंगची, म्हणजे उजवीकडे वळताना हात दाखवायची सोयही संपली. मी एका पट्टीवर लाल आणि पिवळे एलईडी दिवे बसवून घेतले. पट्टी मागे चुंबकाने चिकटते आणि वायर ट्रेलरच्या सॉकेटमध्ये जाते. गाडीची वीज 6 व्होल्टची आहे, तेव्हा दिवे आणि फ्लॅशर त्याच व्होल्टचे लागतात. बाजारातलं 12 व्होल्टचं सामान इथे मिणमिणतं किंवा चालतच नाही. एकच गोष्ट करायची असेल तर हीच करा, खर्चही फार नाही.

ब्रेकचं दुखणं वेगळं. पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणारा तो मास्टर सिलिंडर, आणि चारही चाकांना मिळून त्यातून एकच लाइन. कुठलाही एक होज, म्हणजे त्या तेलाची रबरी नळी, फुटला की पेडल थेट खाली. हॅण्डब्रेक आहे, पण तो चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या शाफ्टवर आहे. पसरणी घाटात उतरताना त्याच्या भरवशावर राहायचं म्हणजे देवाचं नाव घेणं आलं. एक लाइन गेली तरी दुसरी चालू राहील असा दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवणारे आहेत, मला ते पटतं. मी सध्या होज ठरावीक काळाने बदलतो आणि वेग आवरतो. डॅशवरच्या पट्टीवर टॉप गिअरला ताशी 65 मैल लिहिलंय, म्हणून तेवढं पळवायलाच हवी असं थोडंच आहे?

आगीचं बघा. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. पंपावर मला उतरून गादी उचलावी लागते, तेव्हा कुठे झाकण सापडतं. कंपनीने दिलेलं पितळी फायर एक्स्टिंग्विशर आत डाव्या बाजूला असतं, फार देखणं, पण त्यात कार्बन टेट्राक्लोराइड भरायचे. ते स्वतः विषारी, आणि तापलं की त्यातून फॉस्जीन हा घातक वायू निघू शकतो. तेव्हा पितळी नळकांडं चमकवून रिकामं ठेवलंय, आणि हाताशी येईल असं पावडरचं आयएसआय मार्कचं दुसरं लावलंय. बॅटरीला कट-ऑफ स्विचही आहे. गाडी शेडमध्ये गेली की तो बंद.

आता पट्टे. पुष्कळ जण म्हणतात, “पाइप नको, नुसता कमरेचा पट्टा लावू.” नेमकं हेच करू नका. उघड्या जीपमध्ये पट्ट्याने बांधलेला माणूस, आणि डोक्यावर काहीच नाही. गाडी उलटली तर सगळ्यात उंच असतं त्याचं डोकं, काचेची चौकट तर दुमडणारीच. पट्टा लावायचा तर रोल बार, म्हणजे सीटमागचा तो पाइप, हवाच, तोही बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, मागे तिरके आधार दिलेला. नुसता पत्र्यावर उभा केलेला बार शोभेचाच, पहिल्या फटक्यात पत्रा फाडून निघेल. त्याचे पाय बॉडीतून खाली चॅसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या मूळ पोलादी चौकटीपर्यंत, जायला हवेत. जिथे जमलं तिथे बॉडीला चॅसीशी जोडणाऱ्या बोल्टांच्या मूळ जागाच वापरल्या. डोकं आपटेल तिथे पाइपला जाड फोम गुंडाळला आहे.

पट्ट्याच्या बोल्टांना मात्र पत्र्यात नवी भोकं पाडावी लागली, हे कबूल. खालून तळहाताएवढी जाड पोलादी प्लेट दिली आहे, नाहीतर झटक्यासरशी बोल्ट पातळ पत्र्यातून उपटून येतो. बोल्ट 7/16 इंची, सीटबेल्टसाठीचेच. हार्डवेअरच्या दुकानातला मिळेल तो नाही. आणि ड्रिल लावण्याआधी टाकी पूर्ण बाहेर. “साहेब, टाकी रिकामीच आहे,” असं मिस्त्री म्हणेल. रिकाम्या टाकीतली वाफच जास्त धोक्याची, त्याला चहा पाजा आणि टाकी काढायला लावा.

कायद्याचंही भान ठेवा. 2021 पासून 50 वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज म्हणून नोंद होते, क्रमांकात ‘व्हीए’ येतं, पण अट अशी की चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. चॅसीला वेल्डिंग करून सांगाडा उभा केलात तर आरटीओत उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे. काम सुरू करण्याआधी तिथे विचारून घ्या आणि फोटो काढून ठेवा.

पट्टे आहेत तेवढीच माणसं बसतात, त्यामुळे नातेवाइकांत मी जरा नावडता आहे. मागच्या चाकाच्या मडगार्डवर पोरं बसवायची नाहीत. वरातीला गाडी मागतात, नवरदेवाला उभं राहून मिरवायचं असतं. मिरवू दे की, पण बँडच्या मागे, माणूस चालतो त्याच वेगाने. हायवेवर उभं राहायचं असेल तर दुसरी जीप बघा म्हणतो.

राहिला प्रश्न बक्षिसाचा. परीक्षक पाइप बघून गुण कापतात, आणि त्यांच्या वहीत ते बरोबरच आहे. म्हणून परीक्षणाआधी आम्ही दोघं-तिघं मिळून बार उतरवतो, भोकांना रबरी बुचं लावतो, पट्टे पिशवीत भरतो. निकाल लागला की सगळं परत चढतं, कारण घरी जायचा रस्ता हायवेचाच आहे.