लेन्सपुढची काच

पहिला कॅमेरा घेतला तेव्हा दुकानदाराने त्याच्याबरोबर एक यूव्ही फिल्टरही, म्हणजे लेन्सपुढे बसवायची अतिनील किरण अडवणारी काच, गळ्यात मारला होता. तो नसेल तर डोंगरांचे फोटो निळसर येतात, असे त्याचे म्हणणे. फिल्मच्या काळात ते खरेही होते, कारण फिल्मवर अतिनील किरणांचा परिणाम होत असे. डिजिटल सेन्सरपुढे मात्र हे किरण अडवणारी काच बहुधा आधीच बसवलेली असते. म्हणजे मी घेतले होते ते लेन्सचे हेल्मेट. दिवाळीच्या रात्री काढलेल्या एका फोटोत आकाशकंदिलाच्या तिरक्या बाजूला, काळोखात, दुसरा एक फिकट आणि उलटा आकाशकंदील तरंगताना दिसला, तेव्हा सेन्सरवरून परत फिरलेला उजेड या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो हेही कळले.

तेव्हापासून फिल्टर घेताना मी एकच प्रश्न विचारतो: हे काम नंतर संगणकावर होईल का? पिवळ्या बल्बची छटा घालवणारे रंगीत फिल्टर या प्रश्नापुढे टिकत नाहीत, कारण व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंग जुळवण्याची सोय, ते काम फुकट करतो. टिकतो तो पोलरायझर, म्हणजे चकाकी अडवणारा फिल्टर. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात ओल्या पानांवर आभाळाची पांढुरकी चमक चढलेली असते. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून फिल्टरची कडी दोन बोटांनी हळूहळू फिरवली की ती चमक उतरत जाते, खालचा हिरवा रंग वर येतो आणि ओढ्याच्या तळाचे गोटे मोजता येतील इतके स्पष्ट होतात. पानाखाली दडलेला हा रंग फोटोत मुळात उतरलाच नसेल, तर नंतर तो आणायचा कुठून? अर्थात एक-दोन स्टॉप उजेडाची (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो) किंमत मोजावी लागते, आणि कडी भलतीकडे फिरली तर समोरच्या डोंगरावर टेकलेला इंद्रधनुष्याचा तुकडाही पुसला जातो. माझ्याकडून तो एकदा पुसला गेला आहे.

दहा स्टॉपच्या एनडी फिल्टरने, म्हणजे उजेड कमी करणाऱ्या गडद काचेने, शटर उघडे ठेवण्याच्या वेळेचे सेकंदाच्या तिसाव्या भागावरून अर्धे मिनिट होते आणि लाटांचे धुके होते. दोन-चारदा मजा वाटते, पण लाटेला लाटेसारखे दिसू द्यावे, या मताचा मी आहे.

मापाच्या बाबतीत मात्र मी सपशेल फसलो. लेन्सवर १८-५५ लिहिलेले पाहून ५५ मिलिमीटरचा फिल्टर घेऊन आलो. तो आकडा नाभीय अंतराचा, आणि फिल्टर लागत होता ५८ चा, जो ø या खुणेपुढे तिथेच लिहिलेला होता. आता सगळ्यांत मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच चांगला पोलरायझर ठेवला आहे आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग, म्हणजे मोठा फिल्टर बसवून देणारी कडी, लावतो.

तो जुना यूव्ही फिल्टर फक्त कोकणात बाहेर निघतो. गुहागरच्या किनाऱ्यावर खारे तुषार उडत असतात, ते या काचेवरून निर्धास्त पुसता येतात. घरी आल्यावर मात्र त्याचे आटे हमखास अडकतात, आणि कडेला जाड रबरबँड गुंडाळून तो फिरवावा लागतो.