‘आणि’ टाइप करताना

अनुवादाचं काम मी सोळा वर्षं करते आहे आणि आजही माझा पहिला खर्डा हातानेच होतो. सकाळी फुलस्केपवर लिहायचं, दुपारी तेच लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकाने उतरवून घ्यायचं. गेल्या वर्षी जूनमध्ये चारशे पानांचं एक प्रवासवर्णन हातात घेतलं. पुस्तक इतकं आवडलं होतं की रोज आठ-दहा पानं उरकत होते. सकाळी सहाला बसले की साडेनऊपर्यंत मान वर करत नव्हते.

ऑगस्टमध्ये एका सकाळी कुकरचं झाकण फिरवताना उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ आली की झाकण हातातून सुटून ओट्यावर पडलं. त्याआधी दोन-तीन आठवडे तिथे ठणकत होतं, पण जास्त लिहिलं की हात दुखायचाच, असं म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवसापासून साध्या साध्या गोष्टी अडायला लागल्या. किल्ली फिरवणं, कात्रीने दुधाची पिशवी कापणं, ब्लाउजचे हूक लावणं. पेन धरलं की अर्ध्या पानातच अंगठ्यापासून कोपराकडे ओढ जायची.

बाम चोळला, क्रेप बँडेज गुंडाळलं, मोबाइलवर व्यायामाचे व्हिडिओ बघितले. त्यातला एक व्यायाम सोपा वाटला. अंगठा तळव्यात घ्यायचा, त्यावर बोटं मिटायची आणि मूठ करंगळीच्या दिशेने वाकवायची. ताण बसतोय म्हणजे उपयोग होतोय, या समजुतीने मी तो दिवसातून चार वेळा, तीन आठवडे केला. दुखणं वाढतच गेलं.

शेवटी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी माझा हात हातात घेतला, अंगठा मुठीत मिटायला लावला आणि मूठ करंगळीकडे वाकवली. मी ओरडलेच. मी व्यायाम म्हणून जे करत होते, तीच हे दुखणं ओळखण्याची तपासणी होती. फिन्केलस्टीन टेस्ट म्हणतात तिला. अंगठा बाहेर नेणाऱ्या आणि सरळ करणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटाच्या कडेला एकाच अरुंद बोगद्यातून जातात. त्या बोगद्याचं आवरण जाड झालं की अंगठ्याच्या प्रत्येक हालचालीला कंडरा आत घासतात. फ्रिट्झ डी क्वेरवेन या स्विस सर्जननी १८९५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. सुजलेली जागा दिवसातून चार वेळा ताणून मी तिला बरं व्हायला उसंतच दिली नव्हती.

म्हणून मला इथे अगदी मनापासून सांगायचं आहे की व्यायाम सुरू करण्याआधी दुखणं कोणतं आहे ते डॉक्टरांकडून समजून घ्या. माझ्या एका मैत्रिणीचा हातही लिहून लिहून दुखतो, पण तिला रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येते. तिच्या मनगटात मधली नस दबते आहे, कार्पल टनेल. तिचा पट्टा वेगळा, व्यायामही वेगळे. मला डॉक्टरांनी मुंग्यांबद्दल खोदून खोदून विचारलं ते त्याचसाठी. साखर आणि थायरॉइडही तपासून घेतलं. मग अंगठ्याला आधार देणारा पट्टा तीन आठवडे, दिवसातून तीनदा दहा मिनिटं बर्फाचा शेक आणि नंतर फिजिओथेरपी, असं ठरलं. एवढ्याने उतार पडला नाही तर इंजेक्शन.

प्रकाशकांना फोन करून मुदत मागायला मला चार दिवस लागले. सोळा वर्षांत कधी मागितली नव्हती. त्यांनी लगेच दोन महिने दिले, आणि फोन ठेवल्यावर मी बराच वेळ नुसतीच बसून राहिले.

फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची. तिने पहिल्याच फोनवर सांगितलं, “काकू, येताना वही, तुमचं नेहमीचं पेन आणि लॅपटॉप घेऊन या.” व्यायाम दाखवण्याआधी तिने मला पंधरा मिनिटं लिहायला बसवलं आणि शेजारी उभी राहून बघत राहिली. मग वही उचलली, पान उलटलं आणि मला डोळे मिटून मागच्या बाजूवरून बोट फिरवायला सांगितलं. अक्षरं बोटाला लागत होती. पुढच्या कोऱ्या पानावरही वळ होते, त्याच्या पुढच्याही. “तीन पानं खाली जातंय काकू, एवढा जोर कशाला?” मी परत लिहायला लागले तेव्हा तिने माझं पेन वरून धरून ओढलं. ते सुटलं नाही. हलकं ओढलं तरी सुटावं, इतकीच पकड हवी, असं तिचं म्हणणं.

आणखी एक गोष्ट तिने हेरली ती शिरोरेघेची. मी शब्द लिहून झाला की वर रेघ मारते, आणि ती अंगठ्याने पेन दाबत, मनगट टेबलाला टेकवून मारते. एका पानात अडीचशे शब्द, म्हणजे अडीचशे वेळा अंगठ्याला तो ओढा. तिने पूर्ण हात कोपरापासून सरकवून रेघ मारायला शिकवलं. पाटीवर पेन्सिलीने पहिल्यांदा गिरवलं होतं ना, तसाच सबंध हात हलला पाहिजे. पहिले आठ दिवस अक्षर फार वाईट आलं. बॉलपेनला दाबावं लागतं म्हणून शाईचं पेन घेतलं आणि त्याच्या पकडीवर कापडी चिकटपट्टीचे वेढे देऊन ते जाड केलं, म्हणजे बोटं घट्ट मिटावी लागत नाहीत.

मग लॅपटॉप. डाव्या मनगटाची करंगळीकडची बाजूही अधूनमधून दुखते, हे मी तिला बोलता बोलता सांगितलं होतं. तिने मला टाइप करायला सांगितलं आणि काही ओळींनंतर थांबवलं. “हा कोणता शब्द होता?” शब्द होता ‘आणि’.

इनस्क्रिप्टने टाइप करणाऱ्यांना लगेच कळेल. आ शिफ्टवर आहे, काना असतो त्याच कळीवर. ण शिफ्टवर आहे, म च्या कळीवर. एवढ्याशा शब्दाला दोनदा शिफ्ट. या दोन्ही कळा डाव्या हाताच्या, म्हणजे शिफ्ट उजव्या करंगळीने दाबायला हवं. मी सोळा वर्षं डावंच शिफ्ट दाबत होते. करंगळी खाली कोपऱ्यात, मधलं बोट वर, आणि मनगट बाहेरच्या अंगाला मुरडलेलं. तिने माझ्याच मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला तेव्हा स्वतःचा हात बघवला नाही. आपल्या भाषेत ‘आणि’ किती वेळा येतो! शिवाय ख, घ, थ, ध, भ, ळ, सगळे शिफ्टचेच.

उपाय दोन. आ, ण अशा डाव्या हाताच्या अक्षरांना उजवं शिफ्ट, ही नवी सवय. आणि ती अंगवळणी पडेपर्यंत विंडोजमधली स्टिकी कीजची सोय: शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की ती सुरू करण्याबद्दल विचारते. मग शिफ्ट एकदा दाबून सोडायचं आणि नंतर अक्षर दाबायचं, दोन्ही कळा एकदम धराव्या लागत नाहीत. वेग कमी झाला, पण डावं मनगट दोन आठवड्यांत शांत झालं. बोलून टाइप करण्याचाही प्रयत्न केला. पत्रांना ते ठीक आहे. अनुवादाचं वाक्य मात्र मला हात चालल्याशिवाय सुचत नाही.

पट्टा निघाल्यावर व्यायाम सुरू झाले. मुख्य व्यायामाला मी पाच मुद्रा म्हणते. हात कोपरात दुमडून पंजा समोर उभा धरायचा, बोटं सरळ. मग बोटांची वरची दोन पेरं वाकवून आकडा करायचा, मुळाशी बोटं सरळच. परत सरळ. मग पूर्ण मूठ, हलकी. परत सरळ. मग बोटं ताठ ठेवून फक्त मुळाशी काटकोनात वाकवायची, पडवीच्या छपरासारखी. परत सरळ. शेवटी सपाट मूठ: टोकाची पेरं ताठ आणि बोटांची टोकं तळव्याच्या खालच्या भागाला टेकलेली. असे पाच फेरे, सावकाश. लिहिताना बोटं एवढ्याशा जागेत हलतात. या मुद्रांमध्ये बोटं वाकवणाऱ्या कंडरा पूर्ण लांबीने पुढेमागे सरकतात. चौथी मुद्रा सुरुवातीला मला नीट जमायची नाही, मधलं बोट आपोआप वाकायचं.

दुसरा ताणाचा. हात समोर, कोपर सरळ, तळवा खाली. दुसऱ्या हाताने पंजा खाली वाकवून वीस आकडे मोजायचे, मग तळवा समोर करून बोटं मागे. अंगठा मोकळाच, तो ओढायचा नाही. कोथिंबिरीच्या जुडीचा रबर पाचही बोटांभोवती घालून बोटं फाकवायची, हाही मी रोज करते. पेन धरताना जे स्नायू सतत मिटलेले असतात त्यांच्या विरुद्ध बाजूला त्याने काम मिळतं.

पाचव्या आठवड्यात ताकदीचा व्यायाम आला. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली निम्मी भरायची, हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, अंगठा वर. डाव्या हाताच्या मदतीने बाटली वर न्यायची आणि पाच आकडे मोजत उजव्या हाताने हळूहळू खाली सोडायची. दहा वेळा, एक दिवस आड. तिचा एक नियम मी अजून पाळते: ओढ लागली तर चालेल, कळ आली तर तिथेच थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर व्यायाम निम्मा करायचा.

हे सगळं लिहून झाल्यावर एकदम करून भागत नाही, लिहिता लिहिताच करावं लागतं. मोबाइलचा गजर लावून बघितला, तो नेमका वाक्याच्या मध्ये वाजायचा आणि मी बंद करून टाकायचे. शेवटी पानाचा हिशेब धरला. एक फुलस्केप भरलं की पेनाला टोपण लावायचं, पाच मुद्रांचे दोन फेरे करायचे, खांदे मागे फिरवायचे आणि मगच टोपण काढायचं. चार पानं झाली की उठून पाणी प्यायचं.

घरात कणीक मळणं मुलाने घेतलं आणि ओले कपडे पिळणं मी सोडलंच, निथळून वाळत घालते. मनगटाला सगळ्यात वाईट ते पिळणं.

सप्टेंबरात दिवसाला दोन पानं होत होती, ऑक्टोबरअखेर पाच. पाचच्या पुढे मी आता जात नाही. इंजेक्शनची वेळ आली नाही. थंडीत सकाळी अंगठा आखडतो, तेव्हा लिहायला बसण्याआधी दोन्ही हात पाच मिनिटं कोमट पाण्यात धरते. डिसेंबरात पूर्ण खर्डा प्रकाशकांकडे गेला. पाठवण्याआधी पानं लावताना जुलैचा गठ्ठा आणि नोव्हेंबरचा गठ्ठा शेजारी शेजारी होते. दोन्हींच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवून बघितलं. नोव्हेंबरच्या पानांवर काहीच लागत नव्हतं.