तुम्ही विचारलंत म्हणून: पुलाच्या कामावर सेफ्टी ठरते कुठे?

पुलांच्या कामांवर सेफ्टीचं प्लॅनिंग बघते असं सांगितलं की समोरून एकच प्रश्न येतो, मग ते लग्न असो, ट्रेन असो की सोसायटीची मीटिंग: "पण हे लोक हेल्मेट-बेल्ट घालतच नाहीत ना, मग तुम्ही तरी काय करणार?" विचारणाऱ्याला माझ्याबद्दल सहानुभूतीच असते, तक्रार नाही. पण प्रश्नातच निकाल लागलेला असतो, की चूक वर चढलेल्या माणसाची. म्हणून जरा सविस्तर सांगते.

३१ जुलै २०२३ ची रात्र, तारीख बदलून १ ऑगस्ट लागला होता, शहापूर तालुक्यात सरळांब्याला समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लॉन्चर, म्हणजे पुलाच्या तुळया (गर्डर) उचलून जागेवर ठेवणारं अवजड यंत्र, खाली आला. २० जण गेले. त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, २३ ऑगस्टला, मिझोराममध्ये सैरांगजवळ रेल्वेच्या पुलावरची गॅन्ट्री, म्हणजे असंच उचलायचं यंत्र, कोसळली, तिथे वीसहून जास्त गेले आणि त्यातले बरेचसे बंगालच्या मालदा जिल्ह्यातले, म्हणजे एकेका गावात किती घरांवर ते आलं असेल बघा. आता मला सांगा, यात हेल्मेटचा संबंध कुठे येतो? हेल्मेट वरून पडलेल्या नट-बोल्टसाठी असतं. आख्खं लॉन्चर खाली येतं तेव्हा तुम्ही काय घातलंय याला अर्थ उरत नाही.

पुलाचं एक वेगळंच आहे. पूर्ण झालेला पूल सहसा भक्कम असतो, धोका असतो तो अर्धवट पुलाला. आणि अर्धवट पूल ज्यावर उभा असतो ती स्टेजिंग (ओतलेलं काँक्रीट खालून पेलणारा सांगाडा), ट्रेसल (तात्पुरते टेकू), लॉन्चर, जॅक, ही सगळी तात्पुरती कामं. कायमच्या पुलाचं डिझाइन कन्सल्टंट करतो, दुसरा इंजिनिअर ते तपासतो, खात्याचे साहेब सह्या करतात. स्टेजिंगचं मात्र लग्नाच्या मांडवासारखं होतं, चार दिवसांनी काढायचंच आहे ना, मग मांडववाल्याला कळतं काय ते! मुकादमाने मागच्या साइटवर असंच बांधलं होतं, पडलं नाही, म्हणजे बरोबर. आपल्याकडे यासाठी आयआरसी:८७ ही इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका आहे, नाही असं नाही, पण ते पुस्तक कपाटात असणं वेगळं आणि काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी कोणीतरी खाली उतरून स्टेजिंगच्या पायांच्या प्रत्येक बेस प्लेटखाली काय आहे ते बघणं वेगळं, कारण कधीकधी तिथे कालच भरलेली माती असते आणि रात्री पाऊस झालेला असतो.

ब्रिटनमध्ये १९७२ साली लॉडन नदीवरच्या पुलाची स्टेजिंग काँक्रीट चालू असताना बसली, तीन माणसं मेली. फक्त तीन, असं आपल्याकडे म्हणाले असते. तिथे ब्रॅग समिती बसली, १९७५ ला तिचा शेवटचा अहवाल आला आणि १९८२ मध्ये तात्पुरत्या कामांसाठी बीएस ५९७५ हे मानक निघालं. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अगदी साधी आहे: साइटवर तात्पुरत्या कामांसाठी एक जबाबदार माणूस नेमायचा, आणि तो हो म्हणाल्याशिवाय स्टेजिंगवर काँक्रीट चढवायचं नाही. आपल्याकडे हा अधिकार कोणाकडे आहे असं विचारलं तर चार जण एकमेकांकडे बघतात.

आता बेल्टकडे येते, कारण तो प्रश्न टाळते असं वाटायला नको. कमरेचा पट्टा नाही, मी फुल बॉडी हार्नेस म्हणतेय. त्याची दोरी दोन मीटरपर्यंत असते. माणूस पडला की त्यातला शॉक ॲब्सॉर्बर उलगडतो, पावणेदोन मीटरपर्यंत. पाठीवरच्या रिंगपासून पायापर्यंत साधारण दीड मीटर, आणि वर एक मीटर मार्जिन. बेरीज केलीत तर हूक जिथे अडकवलाय तिथून खाली सव्वासहा मीटर मोकळी जागा पाहिजे. म्हणजे पाच मीटरवरच्या पियर कॅपवर (पुलाच्या खांबाच्या माथ्यावर), पायाशी हूक लावून काम करणारा माणूस बेल्ट घालूनसुद्धा जमिनीवर आपटू शकतो! आणि सेफ्टीवाला खालून फोटो काढतो, बेल्ट आहे, टिक. तिथे कठडा आणि नीट फळ्या टाकलेला प्लॅटफॉर्मच हवा, किंवा हूक डोक्याच्या वर लागेल अशी सोय.

ही सोय करायची कोणी आणि कधी? इथे खरं प्लॅनिंग येतं. गर्डर यार्डात जमिनीवर ओतला जात असतानाच त्यात सॉकेट, म्हणजे खांब बसवायच्या खाचा, ठेवली, की वर चढवायच्या आधीच कठड्याचे खांब आणि लाइफलाइन (हूक अडकवायची दोरी) खाली उभं राहून लावता येते, कोणालाही उघड्या कडेवर जावं लागत नाही. खर्च म्हणाल तर गर्डरच्या मानाने काहीच नाही. पण ड्रॉइंगमध्ये ते आलं नसेल तर नंतर भोक पाडायला डिझाइनर परवानगी देत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं, आत प्रीस्ट्रेसिंगच्या, म्हणजे ताणून बसवलेल्या पोलादी, केबल असतात. मग काय, पहिला खांब लावायला एक पोरगा कडेवर बसतो, ज्याच्यासाठी अजून काहीच बांधलेलं नसतं. त्याने बेल्ट घातलाय की नाही यावर आपण भांडतो, बेल्टचा हूक अडकवायचा कुठे हे कोणी विचारत नाही. ड्रॉइंग सहा महिन्यांपूर्वी एसीत बसून पास झालेलं असतं.

आणि बेल्टने वाचला तरी तो हवेत लटकलेला असतो. हार्नेसमध्ये न हलता लटकलं की पायात रक्त साचतं, दहा-पंधरा मिनिटांतसुद्धा शुद्ध हरपू शकते. त्यामुळे नवीन साइटवर गेले की माझा पहिला प्रश्न हाच असतो: लटकलेल्याला खाली कोण आणि कशाने आणणार? "फायर ब्रिगेडला फोन करू" हे उत्तर नदीच्या मधल्या पियरसाठी उपयोगाचं नाही.

अमेरिकेतल्या गोल्डन गेटचं उदाहरण सगळेच देतात, पण अर्धंच. त्या पुलाच्या मुख्य इंजिनिअरने, जोसेफ स्ट्रॉसने, पुलाखाली जाळी लावली, त्या काळात सव्वा लाख डॉलरच्या वर खर्च करून, तेव्हा दहा लाख डॉलरच्या कामामागे एक माणूस मरणार असा हिशोब लोक बिनदिक्कत धरायचे. जाळीने १९ जण वाचवले. पुढचं सांगत नाहीत, की १७ फेब्रुवारी १९३७ ला काम करायचा फिरता प्लॅटफॉर्म सुटला आणि ती जाळी फाडून खाली गेला, त्यात दहा जण गेले. जाळी माणसाच्या वजनासाठी होती, प्लॅटफॉर्मच्या नाही. पुन्हा तेच, तात्पुरतं काम.

पैशाचं बोलायलाच पाहिजे. बऱ्याच टेंडरमध्ये सेफ्टी म्हणजे "इतर सर्व कामांत समाविष्ट". समाविष्ट म्हणजे शून्य, कारण सगळ्यात कमी रेट भरणाऱ्याला काम मिळतं आणि ज्याने जाळी, प्लॅटफॉर्म, रेस्क्यू किट प्रामाणिकपणे धरलं तो दुसऱ्या नंबरला जाऊन बसतो. याची वेगळी आयटम पाहिजे, मोजून पैसे देणारी, स्टीलचे देतो तसे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा झाला, सोबत उपकराचा कायदाही आला, पण तो उपकराचा पैसा कामगारांच्या कल्याण मंडळाकडे जातो, साइटवरच्या कठड्याला नाही. या दोन्हींची गल्लत फार जण करतात.

वेळेचंही तसंच. रेल्वेच्या वरून गर्डर टाकायचा तर रात्री दोन-तीन तासांचा ब्लॉक मिळतो, म्हणजे तेवढा वेळ गाड्या बंद. पुढचा ब्लॉक कधी, कोणाला माहीत नाही, त्यामुळे क्रेनला थोडी अडचण आली तरी सगळे "होऊन जाईल" वर येतात. म्हणून परत फिरायची वेळ आधीच कागदावर लिहून ठेवायची असते, अमुक वाजेपर्यंत गर्डर उचलला गेला नाही तर आज नाही, आणि ती वेळ ठरवणारा माणूस त्या रात्री उद्घाटनाच्या तारखेचा विचार करणारा नसावा. वाऱ्याचंही लिहून ठेवायचं, किती वाऱ्याला उचल थांबवायची, आणि मोजायला मीटर क्रेनच्या बूमवर असला पाहिजे, ऑफिसात नाही. नदीत काम असेल तर वरच्या धरणाच्या शाखा अभियंत्याचा नंबर साइटच्या फळ्यावर पाहिजे. भीमेवर पंढरपूरकडे काम करणाऱ्याने उजनीतून विसर्ग किती हे पेपरात वाचून कळण्यात काय अर्थ आहे?

काही तरी चुकलंच तर पुढचं प्लॅनिंगही लागतं, हे दिल्लीने दाखवलं. १२ जुलै २००९ ला जमरुदपूरला मेट्रोच्या पुलाचं काम कोसळलं, सहा गेले, आणि दुसऱ्या दिवशी तो ढिगारा उचलायला आलेल्या क्रेनच कोसळल्या. घाई, कॅमेरे, रस्ता मोकळा करायचं प्रेशर.

"म्हणजे कामगाराची चूक कधीच नसते का?" हा पुढचा प्रश्न. असते की. पण फिटरला पैसे टनावर मिळतात, हूक काढ-लाव केला की हात मंदावतो, मग टन कमी, घरी पाठवायचे पैसे कमी. दर ठरवताना तो हूक लावायचा वेळ धरलाय का? नसेल धरला तर मी सकाळी टूलबॉक्स टॉकमध्ये (काम सुरू व्हायच्या आधीच्या सेफ्टीच्या बोलण्यात) कितीही जीव तोडून बोलले, तेही मराठी-हिंदीत आणि समोर मालद्याची पोरं, तरी दहा वाजता तो हूक सुटणारच.

तुम्हाला बाहेरून काही कळतं का, असंही विचारतात. कळतं. चालू कामाखालून गाडी नेताना वर बघू नका, बाजूला बघा. गर्डर हवेत असताना खाली ट्रॅफिक चालू आहे का? वाराणसीत १५ मे २०१८ ला असंच होतं, बीम गाड्यांवर आले. पत्रे लावलेत पण पत्र्यांच्या आत लोक जेवायला बसलेत, त्यांच्या डोक्यावर क्रेन फिरतेय का? तसं दिसलं तर जागा आणि वेळ लिहून काम ज्या खात्याचं आहे त्याला कळवा, फोटो गाडी थांबवून काढा. हेल्मेट नसलेल्या कामगाराचा फोटो मला पाठवू नका, तसले माझ्याकडे ढिगाने आहेत.