आमची वाटचाल : ठरलेली फी, टक्केवारी नाही

"अनुदान मंजूर झालं तर त्यात तुमचे किती टक्के?" शाळांसाठी काम करणाऱ्या संस्थांना कंपन्यांकडून अनुदान मिळावं म्हणून आम्ही प्रस्ताव लिहून देतो, आणि नवी संस्था ऑफिसात आली की आजही पहिला प्रश्न हाच येतो. एकही टक्का नाही. सुरुवातीला नव्हता, आजही नाही. प्रस्तावाची फी ठरलेली असते. अर्धी काम हातात घेताना आणि अर्धी अर्ज दाखल झाल्यावर. मंजुरी मिळो न मिळो, फी बदलत नाही. हे ऐकून काही लोक उठून जातात, कारण बाहेर कोणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की आधी काहीच द्यावं लागत नाही, पैसे आल्यावर बघू. हे "पैसे आल्यावर बघू" काय असतं ते मी जवळून पाहिलंय.

नाशिकला धर्मादाय कार्यालयाच्या जवळ माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान होतं. फेरफार अर्ज, शेड्यूल एकचे (ट्रस्टच्या नोंदवहीचे) उतारे, ऑडिट रिपोर्टच्या प्रती यासाठी ट्रस्टवाल्यांची दिवसभर ये-जा असायची. १ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू झालं. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणं आलं. यालाच सीएसआर म्हणतात. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांची नावं घेऊन तीच ट्रस्टची माणसं माझ्याकडे यायला लागली : "ताई, कंपनीला एक अर्ज टाइप करून द्या." त्यांच्या डोक्यात विनंती अर्ज होता. महोदय, आमची शाळा गरीब आहे, दहा संगणक मिळावेत, आपला विश्वासू. कंपनीच्या फाउंडेशनला हवं असायचं ते वेगळंच : गरज कुठून मोजली, आधी काय स्थिती होती, नंतर काय बदलेल, ते कोण तपासणार, तिसऱ्या वर्षानंतर खर्च कोण उचलणार. या दोघांच्या मधली जागा मला दिसली आणि तिथेच मी धंदा उभा केला.

एकटीने ते झालं नसतं. जिल्हा परिषदेतून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालेले गुरुजी माझे भागीदार झाले. मला कागद समजत होता, त्यांना शाळा. शाळा बघायला निघाले की त्यांच्या पिशवीत मीटर टेप, टेस्टर, मल्टिमीटर, होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा दिव्याचा टेस्ट लॅम्प आणि दोनशे पानी वही असायची. वर्गात शिरल्यावर ते मुख्याध्यापकांशी बोलण्याआधी भिंतीवरच्या सॉकेटशी बसायचे. एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला. दिवा पूर्ण उजेडाने लागला तर ठीक. मिणमिणला तर वहीत अर्थिंगपुढे फुली. मग खिडक्यांची मापं, पडद्यावर ऊन कुठून येतं, पावसाचं पाणी कोणत्या कोपऱ्यात गळतं, लोखंडी कपाट आहे का, दाराची कडी आतून लागते की बाहेरून. शेतीचे पंप सुरू होण्याच्या वेळेला ते मुद्दाम थांबायचे आणि व्होल्टेज किती खाली येतं ते परत मोजायचे. ही वही आमच्या प्रस्तावाचा पाया. त्या वहीतला आकडा नाही तर बजेटमध्ये ओळ नाही, हा नियम त्यांनी घातला आणि ते गेल्यानंतरही तो चालू आहे.

वीजबिलाचा मुद्दा मी इथे मुद्दाम लांबवते, कारण डिजिटल वर्गाचे निम्मे प्रस्ताव तिथेच मरतात. जिल्हा परिषदेच्या शाळेला वीजबिलासाठी पुरेसा पैसा नसतो. बिल थकतं, जोडणी तुटते, कधी मीटरच काढून नेतात. अशा शाळेसाठी प्रोजेक्टर आणि स्मार्ट बोर्ड मागणारे अर्ज मी ढिगाने पाहिलेत. आम्ही आधी मागच्या वर्षाची बिलं मागतो. थकबाकी असेल तर ती कोण भरणार, ग्रामपंचायत की लोकवर्गणी, याचा शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेतो आणि मगच उपकरणांची यादी लिहितो. सोलर पॅनल मागितलं तर बॅटरी बदलायचा खर्चही लिहायचा. बॅटरी काही वर्षांत बसते, आणि तोवर प्रकल्प संपलेला असतो.

दुसरं हत्यार म्हणजे आमची एक्सेल. बाब, एकक, दर, संख्या, महिने, फाउंडेशनचा वाटा, स्थानिक वाटा आणि शेवटच्या रकान्यात कोटेशनचा क्रमांक. दराचा रकाना लॉक असतो. कोटेशन आल्याशिवाय तो कोणी उघडत नाही, मीसुद्धा नाही. फाउंडेशनच्या पोर्टलवर मजकूर कधीही थेट टाइप करायचा नाही हेही सगळ्यांना सांगते. सत्र संपलं की पान कोरं होतं. सगळा मजकूर आधी नोटपॅडमध्ये, अक्षरमर्यादा मोजून.

आता टक्केवारीवर काम करणाऱ्या एका एजन्सीविषयी. नाव घेत नाही, पण या क्षेत्रातले लोक ओळखतील. मोठ्या शहरातून आलेली, चकचकीत प्रेझेंटेशन, इंग्रजी फर्डं. त्यांचा दर मंजूर रकमेच्या बारा टक्के, आणि तेही पैसे आल्यावर. छोट्या संस्थेला हे फुकट वाटतं. पण हे बारा टक्के निघतात कुठून? फाउंडेशनच्या करारात अशा खर्चाला जागाच नसते. मग ते पुरवठादाराच्या बिलात शिरतात. बाजारात ज्या दराने टॅब मिळतो त्याच्यावर चढवलेलं कोटेशन येतं, टॅबची संख्या कमी होते, आणि सही मात्र संस्थेच्या अध्यक्षांची असते. उद्या ऑडिटमध्ये सापडलं तर उत्तर अध्यक्षांनी द्यायचं, एजन्सीने नाही.

त्यांनी आमच्याशी केलं ते याहून वाईट. आमच्या एका जुन्या ग्राहक संस्थेने, टक्केवारीच्या मोहाने, सुरगाणा तालुक्यासाठी आम्ही लिहिलेला प्रस्ताव त्यांच्या हातात दिला. त्यांनी तालुक्याचं नाव बदललं आणि तोच मजकूर निफाडच्या शाळांसाठी एका फाउंडेशनकडे लावला. घाटातले पाडे, नागलीची शेती, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, सगळं जसंच्या तसं. निफाड म्हणजे द्राक्षांचा, कालव्याच्या पाण्याचा तालुका! आणि मूळ प्रस्ताव, सुरगाण्याचा, त्याच फाउंडेशनकडे आमच्या दुसऱ्या ग्राहक संस्थेकडून आधीच गेलेला. अधिकाऱ्यांना एकाच मजकुराच्या दोन फायली दिसल्या आणि त्यांनी दोन्ही बाजूला ठेवल्या.

मूळ लेखन आमचं आहे हे सिद्ध करायचं काम आमच्यावर आलं. तारखांसकट ईमेल काढले. गुरुजींची वही घेऊन आम्ही फाउंडेशनच्या ऑफिसात बसलो. पानापानावर शाळेचा यूडायस (सरकारी ओळख) क्रमांक, मुख्याध्यापकांची सही, व्होल्टेजचे आकडे. अधिकाऱ्यांनी मान्य केलं, पण तोपर्यंत त्या आर्थिक वर्षाचं बजेट संपलं होतं. सुरगाण्याच्या पोरांचं एक वर्ष गेलं. त्या एजन्सीला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. आज त्यांच्या वेबसाइटवर आमच्या गरज-पाहणीच्या तक्त्यासारखाच तक्ता आहे, रकान्यांचा क्रमही तोच. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

त्यानंतर २०२०. आमचे बरेच प्रस्ताव मंजूर होऊन पहिल्या हप्त्याच्या वाटेवर होते. २३ मार्चला कंपनी व्यवहार मंत्रालयाचं परिपत्रक आलं की कोविडवरचा खर्च सीएसआरमध्ये धरला जाईल. पाच दिवसांनी पीएम केअर्सची देणगीही धरली जाईल असं जाहीर झालं. त्यात चूक काही नव्हती, संकट होतंच. पण शिक्षणाचा पैसा एका आठवड्यात तिकडे वळला. फाउंडेशनचे फोन येत राहिले, सगळ्यांची भाषा एकच : या वर्षी नाही. संस्थांकडे कार्यकर्त्यांचे पगार द्यायला पैसे नव्हते, आमची उरलेली अर्धी फी कुठून देणार? दुकानाचं भाडं थकलं, दोन मुलं कामावर होती त्यांना घरी पाठवावं लागलं. त्याच वेळी त्या एजन्सीचा निरोप आला : तुमची सगळी टेम्प्लेट आणि ग्राहकांची यादी द्या, आम्ही विकत घेतो. गुरुजींनी निरोप वाचला आणि फोन माझ्या हातात परत दिला. "ताई, वह्या विकायच्या नाहीत," एवढंच म्हणाले.

धंदा टिकला तो सुरगाण्याच्या बाईंमुळे. आश्रमशाळेतून निवृत्त झालेल्या, पाड्यांवर अभ्यासिका चालवणारी छोटी संस्था त्यांची. सुरुवातीपासून आमच्याकडे. वर सांगितलेला अडकलेला प्रस्ताव त्यांचाच होता, तरी त्या कुठे गेल्या नाहीत. लॉकडाऊनमध्ये त्यांनी पुढच्या प्रस्तावाची सगळी फी आगाऊ पाठवली, संस्थेच्या खात्यातून नव्हे, स्वतःच्या पेन्शनमधून. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "तुम्ही बंद पडलात तर माझं कोण लिहिणार?"

त्याच सुमारास एक कंपनी त्यांना टॅब द्यायला तयार होती. बाईंनी नाही म्हटलं. पाड्यावर रेंज नाही, टॅब उघडून मुलं बघणार काय? पण पैसा फाउंडेशनच्या "तंत्रज्ञान" या शीर्षाखालीच होता. गुरुजी, बाई आणि मी फोनवर बसून मार्ग काढला. पाड्यावर भोंगा आणि पेन ड्राइव्हवरचे धडे, छापील स्वाध्याय पत्रिका, बारावी झालेल्या गावच्या मुलामुलींना मानधन. शाळा उघडल्यावर त्याच प्रकल्पात रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्यावर कोलिब्री हे इंटरनेटशिवाय धडे दाखवणारं सॉफ्टवेअर बसवलेलं. वर्गातल्या वर्गात वायफाय, इंटरनेट लागत नाही, चार जुने फोन असले तरी मुलं धडे उघडतात. एकूण खर्च टॅबच्या प्रस्तावाच्या कितीतरी खाली आला. फाउंडेशनने तो मंजूर केला आणि आमच्या दोन्ही मुलांना कामावर परत बोलावता आलं. त्याच काळात ठिकठिकाणी वाटलेले टॅब कपाटात कुलपात पडलेले मी नंतर पाहिलेत, बॅटऱ्या फुगलेल्या.

जानेवारी २०२१ मध्ये सीएसआरचे नियम बदलले, आणि ज्यांनी कागद नीट ठेवले होते त्यांचे दिवस आले. १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडच्या सीएसआर-१ नोंदणीशिवाय संस्थेला कंपनीचा सीएसआरचा पैसा घेता येत नाही, आणि त्यासाठी १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या लागतात. न खर्चलेला पैसा आता नुसतं कारण लिहून कंपनीला ठेवता येत नाही. प्रकल्प चालू असेल तर वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात, नसेल तर सहा महिन्यांत सरकारी निधीत. म्हणून कंपन्या दोन-तीन वर्षांचा, कागद पक्का असलेला प्रकल्प शोधायला लागल्या. आमच्याकडचं काम तेव्हापासून व्यवस्थित चालू आहे, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

नव्यांना काही गोष्टी सांगते. कोणी विचारलेलं नाही, तरी. मार्चमध्ये धावाधाव करू नका, कंपन्यांची बजेटं वर्षाच्या सुरुवातीलाच ठरतात. त्याआधी त्यांचा मागचा वार्षिक अहवाल काढून सीएसआरचं परिशिष्ट वाचा. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या कामावर, कोणत्या संस्थेमार्फत पैसा गेला ते सगळं २०२२ पर्यंत तिथे असायचं, आता काही कंपन्याच देतात. पहिलं पान संस्थापकांच्या त्यागाने भरू नका, शाळेच्या स्थितीने भरा. संगणक दिले की त्यांची मालकी कंपनीकडे ठेवता येत नाही, म्हणून हस्तांतरण पत्र आणि शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमधली (टिकाऊ सामानाच्या वहीतली) नोंद त्याच दिवशी करून घ्या, मुख्याध्यापकांची बदली व्हायच्या आत. पैसा कशावर खर्च झाला ते सांगणाऱ्या विनियोग प्रमाणपत्रावर सीएचा यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, आहे ना ते स्वतः तपासा. दुसरा हप्ता अडकतो तो बहुतेक वेळा एवढ्याशा गोष्टीवर. आणि उपकरणांसाठी शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या बजेटला कात्री लावायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. उपकरण एक कमी घ्या.

गुरुजींच्या वह्या आता स्कॅन करून ठेवल्यात. नवीन मुलगा शाळेत जातो तेव्हा टेस्ट लॅम्प त्यांचाच नेतो. बाईंच्या आताच्या प्रकल्पाचं दुसरं वर्ष सुरू आहे आणि या आठवड्यात त्यांचं विनियोग प्रमाणपत्र सीएकडे गेलंय. ज्यांना पुढच्या वर्षासाठी प्रस्ताव करायचा आहे त्यांनी पहिल्या भेटीला सीएसआर-१, १२ए आणि ८०जीच्या प्रती, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, शाळांचे यूडायस क्रमांक आणि मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं घेऊन यावं. फीचं दरपत्रक दारावरच लावलेलं आहे.