कु[लळ]कर्णी

दुपारची जेवणं झाली होती, जरा आडवं व्हावं असा विचार जवळजवळ पक्का झाला होता, तेवढ्यात गावाकडच्या वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला. सभासदांची यादी मेलवर पाठवली आहे, त्यातले सगळे कुलकर्णी वेगळे काढून द्या, म्हणाले. कशासाठी, ते मी विचारलं नाही. गावात कुलकर्ण्यांची मोजदाद करायला कारण लागत नाही.

"कंट्रोल एफ करून पाहिलं हो ताई, पण काही जण गळतात. त्यांच्यात दोनतीन घरं कुळकर्णी आहेत. आणि ते ळच्या बाबतीत फार कडक."

असल्या कामाला माझी झोप उडते. फोन ठेवायच्या आतच मी फाइल उघडून लिहिलं होतं: कु[लळ]कर्णी. चौकटी कंसातलं कुठलंही एक चालेल. ल असो, ळ असो, पंक्तीत दोघांना शेजारी पान. रेजेक्सचा, म्हणजे मजकुरात शब्दांचे नमुने शोधायच्या या सांकेतिक लिपीचा, हा समंजसपणा मला भारी आवडतो. वाद मिटवायच्या भानगडीत ते पडतच नाही, कंसात घालून मोकळं होतं.

मग यादीत एक 'कुलकरणी' दिसले. चार जणांनी चार वेळा टाइप केलेली यादी, त्यातल्या कुणालातरी रफार सापडला नसणार. म्हणून रच्या हलंतापुढे प्रश्नचिन्ह टाकलं: कु[लळ]कर्?णी. म्हणजे हलंत असला तर असला, नसला तर नसला. पण हे टाकताना पडद्यावर जे होतं ते बघण्यासारखं असतं. णच्या डोक्यावर ऐटीत बसलेला रफार, प्रश्नचिन्ह मध्ये शिरल्याबरोबर खाली उतरतो आणि पाय मोडक्या रच्या रूपात शेजारी उभा राहतो. इतका वेळ तो वर बसल्याचं नुसतं सोंग होतं. कम्प्युटरच्या लेखी तो आधीपासून खालीच, रांगेत, आपला नंबर धरून.

आजोबांना हे पटलं नसतं. आजोबा म्हणजे रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं. सकाळचा दुसरा चहा, ओसरीवरची आरामखुर्ची, पुरवणीची चौपदरी घडी आणि शेवटाला चावून चपटी झालेली पेन्सिल. शब्द अडला की घरभर ऐकू जाईल अशी हाक यायची. "तीन अक्षरी, शेवटी ळ!" आत पोळ्या लाटणारी आई म्हणायची नारळ, मी म्हणायची वादळ, आणि आजोबा आधीचा शब्द खोडून, फुंकर मारून, गोंधळ लिहायचे. कोड्यातलं घर म्हणजे अक्षर. त्याचा काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं त्याच घरात. लक्ष्मी दोन घरांत बसायची: एकात ल, दुसऱ्यात अख्खी क्ष्मी, दाटीवाटीने. एकदा शेजारच्या काकांनी क्षला दोन घरं द्यायची सूचना केली होती. आजोबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं. विषय तिथेच संपला.

रिकामी घरं, मध्येच एखादं ठाऊक असलेलं अक्षर, आणि बसेल तो शब्द शोधायचा. रेजेक्स म्हणतात ते दुसरं काय असतं? एका टिंबाला एक घर. तीन अक्षरी, शेवटी ळ म्हणजे ^..ळ$. सुरुवात, दोन टिंबं, ळ, शेवट. मराठी शब्दांच्या यादीवर हे चालवलं की मिळतं काय? कमळ. सरळ. जवळ. अढळ. उथळ. तीन अक्षरी निघाले ते सगळे ना काना, ना मात्रा, आपले सोवळे शब्द. वर काळ, वेळ असे दोन अक्षरीही पंक्तीत घुसतात. नारळ नाही, वादळ नाही, गोंधळ तर नाहीच नाही. कारण टिंबाला अक्षर कळत नाही, त्याला युनिकोडचा, म्हणजे कम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीतला, एकेक तुकडा कळतो. ग वेगळा, ओकार वेगळा, अनुस्वार वेगळा. गोंधळ पाच तुकड्यांचा. आजोबांच्या दोन घरांतली लक्ष्मी इथे चांगल्या सात जागा अडवते.

यावर तोड आहे. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची एक वेगळी लायब्ररी (तयार कोडचा संच) आणली की टिंबाऐवजी बॅकस्लॅश एक्स वापरता येतो, आणि तो बराचसा कोड्यातल्या घराएवढा असतो. गोंधळ त्यात तीन घरांत मावतो. जोडाक्षराचं घोडं मात्र बरीच वर्षं अडलेलं होतं. देवनागरीतलं जोडाक्षर तोडू नये, एकच धरावं, हा नियम युनिकोडने २०२३ साली १५.१ या आवृत्तीत घातला. शेजारच्या काकांना ओसरीवर मिळालेलं उत्तर प्रमाणग्रंथात यायला इतका वेळ लागला.

आणि पायथॉनची मूळची गंमत तर विचारू नका. शब्दातली अक्षरं पकडायला बॅकस्लॅश डब्ल्यू असतो, अगदी पहिल्या धड्यात शिकवतात. 'मराठी' हा शब्द त्याच्यापुढे ठेवा. काना आणि वेलांटी ही त्याच्या हिशोबी अक्षरंच नव्हेत, त्यामुळे शब्द तिथे तुटतो आणि हातात दोन तुकडे येतात: 'मर' आणि 'ठ'. अभिजात भाषेशी असं बोलतात का? बरं, द्वेष आहे म्हणावं तर तेही नाही. अंक पकडणारा बॅकस्लॅश डी त्याच पायथॉनमध्ये १२३ हा देवनागरी आकडा विनातक्रार ओळखतो, आणि संख्येत बदलून घेतला की त्याची बेरीजही होते. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतला डी आपल्या आकड्यांकडे ढुंकून बघत नाही. घरोघरी मातीच्या चुली.

या सगळ्याचं मूळ कुठे, तर मेंदूत. मॅक्युलक आणि पिट्स या दोन शास्त्रज्ञांनी १९४३ साली मेंदूतल्या पेशींचं एक गणिती चित्र मांडलं होतं. १९५१च्या उन्हाळ्यात स्टीफन क्लेनी हा तर्कशास्त्री रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधनसंस्थेत बसून, पेशींच्या अशा जाळ्याला कोणकोणते क्रम ओळखता येतील याचा विचार करत होता. ते सांगायला त्याने जी खूण वापरली, तीच रेजेक्समधली चांदणी (*). शून्य वेळा किंवा कितीही वेळा. त्याच पेशींच्या चित्राचे दूरचे वंशज आज एआयच्या पोटातली न्यूरल नेटवर्क म्हणून मिरवतात, आणि आमच्या ऑफिसातली तरुण मंडळी त्यांच्याकडूनच रेजेक्स लिहून घेतात. घरचंच काम घरात.

चांदणी आणि तिची बहीण अधिकची खूण (निदान एकदा, पुढे कितीही वेळा), या दोघींना मात्र आवर नसतो. २० जुलै २०१६ला स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांची साइट ३४ मिनिटं बंद पडली होती, आणि कारण काय, तर मोकळ्या जागा. ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटणारं एक निरुपद्रवी रेजेक्स होतं. कुणाच्या तरी मजकुरात अशा सुमारे २०,००० जागा ओळीच्या मध्येच आल्या. रेजेक्स पहिल्या जागेपासून निघालं, २०,००० मोजून बघतं तो पुढे अक्षर, ओळीचा शेवट नाही. परत फिरलं, दुसऱ्या जागेपासून पुन्हा १९,९९९. मग १९,९९८. अशी बेरीज करत गेलं तर वीस कोटी होतात, आणि सगळी पायपीट काही नसल्याची खात्री करायला. सगळ्या वाटा एकदमच चालत गेलं तर परत फिरावंच लागत नाही, हे केन थॉम्पसन या संगणकशास्त्रज्ञाने १९६८ सालीच लिहून ठेवलेलं आहे. पण जुन्या कागदातलं वाचतो कोण.

असो. आपल्या यादीत मोकळ्या जागा फार नव्हत्या. कऱ्हाडकर मात्र दोन तऱ्हेचे निघाले. डोळ्यांना तंतोतंत सारखे. एकाने खालच्या टिंबाचा ऱ टाइप केलेला, दुसऱ्याने साधा र, हलंत आणि त्यामागे एक अदृश्य सांधणारं चिन्ह. एकाच घरातले बापलेक असावेत. त्यांनाही कंसात घेतलं.

टिंबाला अक्षर कळत नाही म्हणून मी एवढी कुरकुर केली, पण त्याचा एके ठिकाणी मोठा फायदा होतो, तो सांगितला नाही तर अन्याय होईल. १९६२ सालचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत घरें, पुस्तकें, त्यानंतरच्यांत घरे, पुस्तके. दोन्ही एकदम शोधायचं तर लिहायचं घरें? एवढंच. प्रश्नचिन्ह अख्ख्या रेंला लागत नाही, फक्त शेवटच्या तुकड्याला लागतं, म्हणजे नेमकं त्या अनुस्वाराला. एका चिन्हात भाषेची दोन युगं. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी ऑफिसात मोठ्याने "वा!" म्हणाले होते. बाजूच्याला वाटलं, पगारवाढीची मेल आली.

कुलकर्णी निघाले. कार्यवाहांना पाठवले. मग यादी उघडीच होती म्हणून मी आमची आजी शोधायला लागले. तीही सभासद होती, दर आठवड्याला एक कादंबरी संपवायची. आमच्या आडनावाचे जमतील तेवढे अपभ्रंश कंसात कोंबले. आजोबा दोनदा सापडले, काका सापडले, वडीलही दोनदा सापडले. आजी नव्हती. तिच्या वेळी बायकांची नोंद 'सौ.' आणि पुढे नवऱ्याचं नाव अशी होत असे. म्हणजे आजोबांच्या दोन ओळींतली एक तिची होती.

वाचनालयाकडे जुन्या कन्याशाळेची हजेरीपटंही आहेत, स्कॅन करून ठेवलेली. तिथे ती असणार. पण तिथे ती सुशीला नाही. माहेरची ती द्वारका. लग्नात ताटातल्या तांदळांत आजोबांनी अंगठीने सुशीला लिहिलं आणि द्वारका संपली. शेवटचा काना सोडला तर या दोन नावांत काही सामाईक नाही. कंस चालत नाही, प्रश्नचिन्ह चालत नाही, चांदणी तर नाहीच. मध्ये उभी रेघ मारून दोन्ही नावं पूर्ण लिहावी लागतात: द्वारका|सुशीला. आणि तशी लिहायची तर दोन्ही आधी ठाऊक असावी लागतात.

आजीचं मला ठाऊक होतं. तिच्या सासूचं, म्हणजे पणजीचं, माहेरचं नाव मी संध्याकाळी वडिलांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, काकांना विचार. काका म्हणाले, आम्ही तिला बयोच म्हणायचो.